मशीनमागे लपवलेले पीस

‘ताई, मी आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात लागलो. नऊ वर्षं सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कातायची मशीन, चालवली. दिवाळीनंतर मला शिफ्टचा सुपरवायझर केलं. हाताखाली अठ्ठावीस माणसं आहेत. थोडे परमनंट, बाकी ठेकेदाराची पोरं. ज्या काकांनी मला मशीनचं सेटिंग शिकवलं ते इथे बावीस वर्षं आहेत. आता ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. माझा सगळ्यात जवळचा मित्र उशिरा येतो आणि “सांभाळून घे ना” म्हणतो. मॅनेजर रोज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आकड्यांवरून झापतात. गेल्या महिन्यात रात्रपाळीत एका कंत्राटी पोराकडून शाफ्टचे पीस अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक, झाले. त्याने कुणाला न सांगता ते मशीनमागे, कूलंटच्या टाकीजवळ लपवले. काही पीस चांगल्या मालात मिसळून ग्राहकाकडे गेले आणि तिकडे माणसं पाठवून सगळा लॉट निवडून काढावा लागला. मी त्या पोराला लाइनवर सगळ्यांदेखत नको ते बोललो. तेव्हापासून झोप लागत नाही. रात्री फोन येतात ते वेगळंच. माझा धाक बसत नाही ताई. तो कसा बसवायचा? की पुन्हा मशीनवर जाऊ?’
– एक सुपरवायझर, चाकण

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मशीनवर परत जाऊ नका, हे आधी सांगते. एका पोराला बोललात म्हणून तुमची झोप उडाली आहे. मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात बरीच वर्षं काम केलं, आणि ज्यांना अशा गोष्टीने काहीच होत नाही असे सुपरवायझरही पुष्कळ पाहिले. त्यांच्या हाताखाली माणसं टिकत नाहीत. तुम्हाला मशीन कळतं आणि माणसाचंही लागतं. या दोन गोष्टी एकत्र सहसा मिळत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. धाक कसा बसवायचा, असं तुम्ही विचारता. पण तुमच्या शॉप फ्लोअरवर धाक चांगलाच बसलेला आहे. तो नसता तर त्या पोराने पीस लपवले नसते.

त्या रात्री काय झालं असेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तरी मला जसं दिसतं तसं मांडते. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजत आला की शाफ्टचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढायला लागतो. पोराने मायक्रोमीटर लावला, माप वरच्या टोकाला आलेलं दिसलं. मशीन लावून देणारा सेटर दुसऱ्या टोकाच्या मशीनवर अडकलेला. टार्गेट मागे पडलेलं. त्याने स्वतःच ऑफसेट, म्हणजे मशीनला मापातली दुरुस्ती, दिला आणि घाईत गरजेपेक्षा जास्त दिला. पुढचे पीस अंडरसाइज निघाले. व्यास मोठा राहिला असता तर पुन्हा एक कट घेऊन पीस वाचला असता, पण कमी झालेला धातू परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. एव्हाना पाच पीस गेले होते की पंधरा, कोण जाणे. त्या क्षणी त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. मशीन थांबवून कुणाला तरी हाक मारायची, नाहीतर गप्प बसायचं. हाक मारली तर सेटर ओरडणार, सकाळी तुम्ही ओरडणार, आणि ठेकेदार म्हणणार, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या, खोलीचं भाडं द्यायच्या पोराने कुठली वाट धरावी अशी आपली अपेक्षा आहे?

पाच पीस वाया गेले असते तर ते शाफ्टच्या किमतीत भागलं असतं. लॉट निवडायला माणसं पाठवावी लागली आणि ग्राहकाचा भरवसा हलला, तो लपवण्यामुळे. वाईट बातमी तुमच्याकडे पाच मिनिटांत पोचते की पाच दिवसांनी ग्राहकाच्या तोंडून कळते, माझ्या मते सुपरवायझरची खरी परीक्षा इथेच होते. बाकी हजेरी, अहवाल, टार्गेट हे सगळं त्याच्यामागून येतं.

एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती मोटारींच्या धंद्यातलीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, दारू, अचानक होणारे संप, मुद्दाम केलेलं खराब काम, यासाठी तो बदनाम होता. लाइन कधीही थांबवायची नाही, असा तिथे दंडक होता. गाडीत दोष दिसला तरी ती पुढे ढकलायची आणि नंतर आवारात दुरुस्त करायची. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. घेतलेले कामगार बहुतांश जुनेच होते, युनियनही तीच. बदलली ती कारभाराची रीत. लाइनवर एक दोरी लावलेली होती आणि अडचण आली की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की टीम लीडर धावत यायचा, तो मदतीला. ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांहून वरचढ ठरला आणि गैरहजेरी एकदम खाली आली. ज्यांना सगळे ‘बिघडलेली माणसं’ म्हणत होते, त्याच माणसांनी हे केलं. पुढे जनरल मोटर्सला हीच रीत आपल्या दुसऱ्या कारखान्यांत रुजवायला फार जड गेलं, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. दोरी बसवायला एक दिवस पुरतो. दोरी ओढणाऱ्याकडे कपाळाला आठ्या न घालता पाहायची सवय लागायला वरच्यांना वर्षं लागतात.

तुमच्याकडे दोरी नसेल. मशीनवरचा लाल दिवा असेल, किंवा नुसती हाक. साधन कुठलं हे महत्त्वाचं नाही. हाक मारल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमच्या तोंडून काय निघतं, ते सगळी लाइन ऐकत असते. ‘काय झालं? दाखव बघू’ एवढंच निघालं पाहिजे. कोणी केलं, कसं केलं, डोकं कुठे होतं, हे त्या अर्ध्या मिनिटात नको.

सुरुवात त्या पोरापासून करा. तो अजून कामावर असेल, अशी आशा करते. त्याला जिथे बोललात तिथेच, त्याच लोकांसमोर त्याला सांगा: ‘त्या दिवशी मी तुला जे शब्द वापरले ते चुकीचे होते. पीस लपवणंही चुकीचं होतं, त्याबद्दल आपण बसून बोलू.’ सगळ्यांदेखत केलेला अपमान केबिनमध्ये बोलावून फिटत नाही. मग त्याला बाजूला घ्या, चहा सांगा आणि विचारा, माप पहिल्यांदा हललं तेव्हा किती वाजले होते, कुणाला हाक मारता आली असती, का मारली नाहीस. उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. पहिलं उत्तर बहुधा ‘चुकी झाली साहेब’ एवढंच येईल, ते सुटका करून घेण्यासाठी असतं. जरा थांबलात तर खरं बोलेल. ऑफसेट द्यायला त्याला कधी कुणी नीट शिकवलंच नव्हतं, असंही कदाचित कळेल.

नंतर लाइनवर एक नियम करा, पण बोलून दाखवण्याआधी एच.आर. आणि ठेकेदार या दोघांकडून तो कबूल करून घ्या. नियम असा: खराब पीस स्वतःहून लाल क्रेटमध्ये टाकला आणि लगेच सांगितलं, तर ना पगार कापला जाईल ना काम जाईल. ठेकेदार कुरकुरेल. त्याला सांगा की नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे. मनाला आलं म्हणून दोनशे रुपये कापले, असं करता येत नाही. ठेकेदार अजिबात कबूल होत नसेल, तर पोरांना खोटं आश्वासन देऊ नका. आधी एच.आर.कडे भांडा. दिलेला शब्द एकदा मोडला, की पुढचे शब्द कुणी ऐकून घेत नाही.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. हे नीट सुरू झालं तर पहिल्या महिन्यात तुमच्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे बाद मालाचा आकडा, वाढलेलं दिसेल. घाबरू नका. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले. ज्या वॉर्डांत वातावरण चांगलं होतं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथल्या परिचारिका चूक उघड सांगत होत्या आणि दुसरीकडे ती दाबली जात होती. तुमच्याकडेही आजवर टाकीमागे असलेला आकडा आता कागदावर येईल, एवढाच फरक. मात्र हे मॅनेजरना आकडा वाढायच्या आधी सांगा. वाढल्यानंतर सांगितलंत तर तो बहाणा वाटेल.

आणि हो, सूट सरसकट नाही. चूक करून सांगणारा एक, माहीत असून लपवणारा दुसरा आणि न मोजताच तपासणीचा कागद भरणारा तिसरा. तिसऱ्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण तुम्ही नऊ वर्षं मशीनवर होतात, तुम्हाला माहीत आहे. दर तासाला पाच मापं लिहायची असतात आणि शिफ्ट संपताना आठही तासांची मापं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिली जातात. हे थांबवायचं तर स्वतः फिरायला लागेल. अधूनमधून कुठल्याही मशीनजवळ थांबा, ‘चल, दोघं मिळून मोजू’ म्हणा आणि लिहिलेल्या मापाशी ताडून पाहा. पकडण्याचा आव आणू नका. एवढं करूनही कुणी आकडे रचत राहिला, तर त्याच्यावर रीतसर कारवाई करा आणि मागे हटू नका. प्रेमाने वागणारा माणूस खोटी मापं चालवून घेतो, असा समज पसरला तर जे खरं मोजतात तेही मोजणं सोडतील.

काकांचा विषय मला सगळ्यात जवळचा वाटला. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला डावलून त्याच्याच शिष्याला वर बसवलं, आणि कंपनीने त्यांना बोलावून दोन शब्द सांगितले असतील असं मला वाटत नाही. नोटीस बोर्डावर तुमचं नाव लागलं असेल, बस. त्यांचा अबोला तुमच्याशी आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तो बराचसा त्या बोर्डाशी असावा. त्यांच्याशी बोला. केबिनमध्ये बोलावू नका, तुम्हीच जा. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसा किंवा सुटीच्या दिवशी घरी जा. ‘काका, माझं नाव लागलं तेव्हा तुमच्याशी कुणी बोललं का?’ असं विचारा. ते चिडले तर चिडू द्या. ‘मला पद नकोच होतं’ वगैरे म्हणू नका. ते खरं नाही आणि त्यांना ते लगेच कळेल.

मग त्यांना खरं काम द्या. मानापुरतं नको. प्रत्येक सेटिंग बदलल्यावर पहिला पीस काकांनी पास केल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, आणि हे लेखी, त्यांच्या सहीसकट. नव्या पोरांना ऑफसेट द्यायला आणि गेजने माप तपासायला शिकवायचं काम त्यांचं, त्यासाठी शिफ्टमधला ठरावीक वेळ त्यांना मोकळा. शिकवणाऱ्या माणसाची ग्रेड वेगळी असावी, असा प्रस्ताव वर पाठवा. मंजूर होईल न होईल, पण तुम्ही तो पाठवला हे त्यांना कळू द्या. त्या रात्री त्या पोराला कुणी शिकवलेलं असतं, तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. शिकवणारा माणूस तुमच्या लाइनवरच उभा आहे आणि तो बोलेनासा झालाय, हे कारखान्याचं नुकसान आहे. फक्त एक करू नका: कोण काय बोलतं ते काकांना विचारत बसू नका. तुमचे कान म्हणून त्यांचा वापर केलात, तर लाइनवर त्यांची जी पत आहे ती जाईल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. एवढं करूनही ते बोलले नाहीत, तर त्यांना वेळ द्या. काम चोख होत असेल तर अबोला हा गुन्हा नाही.

मित्राबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमच्या शिफ्टमधली सत्तावीस माणसं रोज त्याच्या येण्याची वेळ बघतात आणि मग तुमचा चेहरा बघतात. त्याला एकट्याला गाठा आणि स्पष्ट सांगा की आजवर दोनदा-चारदा सांभाळलं, सोमवारपासून सांभाळणार नाही, उशीर झाला तर तशी नोंद होईल. कारण विचारायला विसरू नका. घरी कुणी आजारी असेल, मुलाची शाळा असेल, तर पाळी बदलून देता येते आणि ती सोय कुणालाही मिळते. पण सोय मागून घ्यायची, दोस्तीवर नाही. तो रुसेल. काही दिवस डबा वेगळ्या टेबलावर खाईल. दोस्ती असेल तर परत येईल. तुम्ही मात्र जेवायला सगळ्यांत बसणं सोडू नका. वर गेल्यावर पहिल्यांदा जेवणाचं टेबल बदलणारे मी खूप पाहिले, आणि तिथून पुढे त्यांना लाइनवरची कुठलीच गोष्ट वेळेत कळली नाही. ओव्हरटाइम आणि रविवारची ड्युटी पाळीपाळीने लावा आणि ती यादी बोर्डावर महिनाभर आधी लावा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणजे ती घरातल्या हप्त्याची गोष्ट असते. ती कुणाला मिळाली आणि का मिळाली, यावरून जितकी मनं दुखावतात तितकी शिव्यांनीही दुखावत नाहीत.

मॅनेजरांना बदलणं तुमच्या हातात नाही. त्यांचा आवाज खाली किती पोचू द्यायचा, हे आहे. मीटिंगमधून बाहेर पडलात की लगेच लाइनवर जाऊ नका. पाणी प्या, पाच मिनिटं जाऊ द्या. ‘वरून प्रेशर आहे’ हे वाक्य पोरांना ऐकवू नका, त्याने काम एका पीसानेही वाढत नाही. आणि मीटिंगला जाताना नुसता आकडा नेऊ नका, गेलेला वेळ न्या मिनिटांत मांडून: इन्सर्ट मिळेपर्यंत स्टोअरमध्ये किती गेला, पीस पकडणाऱ्या चकच्या दुरुस्तीत किती, माल उशिरा आला त्यात किती. एवढं सलग दोन आठवडे केलंत, की झापायला जागा कमी उरते, कारण समोर स्टोअरचं आणि मेंटेनन्सचं काम दिसायला लागतं. ज्या दिवशी टार्गेट होण्यासारखं नसेल त्या दिवशी सकाळीच ‘आज एवढे होतील’ असं सांगा. आणि त्या मीटिंगमध्ये ऑपरेटरचं नाव घेऊन स्वतःला वाचवू नका. आत काय बोललात, ते जेवणाच्या सुटीपर्यंत बाहेर पोचलेलं असतं.

ठेकेदाराच्या पोरांची नावं पाठ करा. ‘ए कंत्राटी’ ही हाक तुमच्या शिफ्टमध्ये बंद झाली पाहिजे. सेफ्टी शूज फाटलेत का, जेवण वेळेवर मिळतं का, पगार झाला का, हे विचारणं तुमचं काम आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य कंपनीवर येते. तेव्हा हे एच.आर.च्या कानावर घालताना तुम्ही कुणावर उपकार करत नसता.

राहिले रात्रीचे फोन. तुम्ही सगळ्यालाच ‘मला विचारून करा’ म्हणत असाल, म्हणून ते येतात. नवीन सुपरवायझर असं म्हणतोच. आता रात्रपाळीच्या सेटरबरोबर बसून एका कागदावर ठरवा की कुठली गोष्ट तो स्वतः ठरवेल. इन्सर्ट बदलणं, ऑफसेट देणं, शंका आली तर मशीन थांबवणं, माणूस आला नाही तर दुसऱ्याला उभं करणं, हे सगळं त्याचं. त्याने मशीन थांबवलं आणि सकाळी ते उगाच थांबवलं होतं असं निघालं, तरी त्याला बोलायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हालाच फोन करेल. मशीन तासाभरापेक्षा जास्त बंद राहिलं, किंवा संशयाचा माल पुढे गेला असं वाटलं, तर तुम्हाला फोन. आणि कुणाला इजा झाली तर आधी त्याला दवाखान्यात हलवायचं, मग तुम्हाला कळवायचं, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. हा कागद त्याच्या टेबलावर चिकटवा आणि पहिल्या आठवड्यात जे फोन त्या यादीबाहेरचे येतील, त्यांना एवढंच विचारा: ‘तुझं काय मत आहे? मग तसं कर.’